मुंबईचे जुने नकाशे व अभिलेखसंग्रह

मुंबई बंदर व त्याभोवती वाढलेले नगर यांच्या इतिहासाचे एक प्रमुख साधन. बेटांमधील खाड्या बुजवून सिद्ध झालेल्या या नगरात मूळ भूरूपाच्या खुणा जमिनीवर फारशा उरलेल्या नाहीत. त्या नकाशांत व दप्तरांत शोधाव्या लागतात. मात्र प्रत्येक नकाशा कोणत्या तरी प्रयोजनाने काढलेला असतो आणि ते प्रयोजन ध्यानात न घेता त्यावर विसंबणे धोक्याचे ठरते. मुंबईच्या इतिहासात याचा प्रत्यय अगदी आरंभीच येतो.

गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने १५३४ च्या तहाने वसई व तिच्या परिसरातील बेटे पोर्तुगीजांना दिली. आंतोन्यू बोकारू याने पोर्तुगीज अमलाखालील दुर्ग व वसाहती यांविषयीचा जो ग्रंथ १६३५ मध्ये सिद्ध केला, त्यात पेद्रू बार्रेतू द रेझेंदी याने काढलेले आराखडे असून त्यांत मुंबईचाही समावेश आहे. हे आराखडे चित्रवजा आहेत. त्यांवरून अंतरे मोजता येत नाहीत. तथापि बंदरात शिरणाऱ्या खलाशाला काय दिसत असावे, याची कल्पना येते.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स व पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाच्या तहाने (२३ जून १६६१) मुंबईचे बंदर व बेट इंग्रजांना मिळाले. या ‘बेटा’ची व्याप्ती किती, यावरून लगेच वाद उद्भवला. साष्टी व ठाणे हीही देणगीत येतात, असे इंग्रजांचे म्हणणे होते आणि त्यासाठी ते इंग्लंडमध्ये दाखविण्यात आलेल्या एका नकाशाचा हवाला देत. पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोन्यू द मेलू इ काश्त्रू याला हा अर्थ मान्य नव्हता. अखेर १८ फेब्रुवारी १६६५ रोजी हंफ्री कुक याने ताबा घेतला, तो केवळ मुंबईचा. माहीम त्याने पुढे हस्तगत केले. साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. १७३७–३९ च्या मोहिमेत ती मराठ्यांनी जिंकली, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतली आणि सालबाईच्या तहाने (१७८२) तो ताबा कायम झाला.

आज एकाच महानगरपालिकेच्या हद्दीत असलेल्या जागांचे कागद निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेले आढळतात, त्याचे मूळ या वादात आहे. साष्टीच्या पूर्व किनाऱ्यावरील विक्रोळीचेच उदाहरण घेतले, तर पोर्तुगीज अमलासाठी गोवा व लिस्बन येथील संग्रह, मराठी अमलासाठी पुण्याचे पेशवे दप्तर आणि त्यानंतरच्या काळासाठी ठाणे जिल्ह्याची महसुली कागदपत्रे पाहावी लागतात. मुंबई बेटाचा अभ्यासक ज्या दप्तराने आरंभ करतो, त्यात विक्रोळीचा पूर्वेतिहास सापडण्याची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

बेटाची शास्त्रशुद्ध पाहणी एकोणिसाव्या शतकात झाली. कॅप्टन टॉमस डिकिन्सन याने आरंभिलेली महसुली मोजणी १८२७ मध्ये पूर्ण झाली. कर्नल लॉटन याची नगरमोजणी १८६५–७२ या काळातील आहे. पहिल्या मोजणीतील मुंबई तटबंदीची, तर दुसऱ्या मोजणीतील मुंबई कापसाच्या तेजीनंतरची आहे. मधल्या काळात कुलाब्याचा बांधरस्ता झाला (१८३८), माहीमचा झाला (१८४५), रेल्वे आली (१८५३) आणि कोटाच्या भिंती पाडण्यात आल्या. ही दोन नकाशे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे भरावाने समुद्र किती मागे हटविला, ते स्पष्ट होते. पण हटविलेल्या किनाऱ्यावर कोण राहत होते, ते नकाशा सांगत नाही. त्यासाठी गोविंद नारायण माडगावकर यांच्या मुंबईचे वर्णन (१८६३) या ग्रंथाकडे वळावे लागते. मोजणीदारांच्या नजरेतून सुटलेल्या कितीतरी गोष्टी या मराठी ग्रंथात नोंदल्या गेल्या आहेत आणि त्याचा नकाशांच्या जोडीने व्हावा तितका उपयोग झालेला नाही.

मुंबई सरकारचे अभिलेख-कार्यालय १८२१ मध्ये स्थापन झाले. त्याचा संग्रह महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागाराकडे आला असून तो दीर्घकाळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत होता. सुरत व मुंबई येथील वखारींचा पत्रव्यवहार हा त्याचा गाभा होय. त्यातील निवडक कागद जी. डब्ल्यू. फॉरेस्ट याने १८८५ पासून प्रसिद्ध केले. बंदराच्या उत्तरकालीन इतिहासासाठी १८७३ मध्ये स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टची कागदपत्रे महत्त्वाची आहेत. प्रिन्सेस डॉक (१८८०), व्हिक्टोरिया डॉक (१८९१) व अलेक्झांड्रा डॉक (१९१४) ही त्याच्याच कारकीर्दीत बांधली गेली.

साष्टीच्या दक्षिण भागाचा मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये निर्माण झाला आणि बृहन्मुंबईच्या १९५० च्या हद्दवाढीत विक्रोळी महानगरपालिकेत आली. तेथील खाडीकाठ खाजणे, मिठागरे व तिवरांची वने यांनी व्यापलेला होता. फ्रामजी कावसजी बानाजी यांच्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आलेल्या जमिनींपैकी मोठा भाग पुढे १९४० नंतरच्या दशकात पिरोजशा गोदरेज यांनी विकत घेतला व तेथे पिरोजशानगर ही उद्योगवसाहत वसविली. अशा जमिनींची कागदपत्रे केवळ इतिहासकारांच्या उपयोगाची नाहीत. साष्टीतील इस्टेटींची महसूलमाफी रद्द करणारा कायदा १९५१ मध्ये झाल्यानंतर जुन्या सनदांतील शब्द व त्यांत वर्णिलेल्या सीमा यांना प्रत्यक्ष मूल्य आले.

याच वसाहतीत २००६ मध्ये गोदरेज अभिलेखागार स्थापन झाले. खासगी उद्योगसंस्थेने आपली कागदपत्रे पद्धतशीरपणे जतन करावीत, हे आपल्याकडे विरळाच. पत्रव्यवहार, छायाचित्रे, जाहिराती व उत्पादित वस्तू यांबरोबरच कामगार व अधिकारी यांच्या ध्वनिमुद्रित मुलाखतीही तेथे जतन केल्या आहेत. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी विक्रोळीच्या कारखान्यात १९५१ मध्ये बारा लाखांहून अधिक पोलादी मतपेट्या तयार झाल्या. एका उपनगरी कारखान्याचे दप्तर देशाच्या राजकीय इतिहासाचे साधन कसे ठरते, ते यावरून दिसते. ठाण्याच्या खाडीलगतची तिवरांची वने या संस्थेच्या प्रतिष्ठानाने राखली आहेत. त्यामुळे मुंबई बेटावर जो मूळ किनारा आता केवळ नकाशातच उरला आहे, त्याचे स्वरूप विक्रोळीच्या पूर्वेस भरतीच्या वेळी प्रत्यक्ष पाहता येते.