कुलाब्याचें नाहींसें झालेलें स्टेशन

कुलाबा हें नांव आपल्या किनाऱ्यावर दोन ठिकाणीं आढळतें. अलिबागसमोर समुद्रांत आंग्र्यांचा कुलाबा किल्ला उभा आहे. आजच्या रायगड जिल्ह्यास १९८१ पर्यंत त्याच्याच नांवानें ओळखीत. दुसरा कुलाबा मुंबई बेटाच्या दक्षिण टोंकाचा. आपल्या जिल्ह्याच्या नांवाचें स्टेशन पाहावयाचें तर अलिबागकरास समुद्र ओलांडून मुंबईसच जावें लागे!

बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून बॅकबेपर्यंत धांवूं लागली. पुढें थोड्याच वर्षांत रूळ कुलाब्यास पोंचले. याच्या मुळाशीं कापूस होता. १८४४ पासून कापसाचा बाजार कोटांतून हलून कुलाब्यास भरत असे, आणि गुजराथच्या कापसाच्या मुलुखांतून येणारी रेल्वे ती हीच. १८९६ सालीं तेथें नवें टर्मिनस बांधण्यांत आलें.

विस्मयाची गोष्ट याच्या पुढची आहे. ५ जानेवारी १९२८ रोजीं कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या सुरू झाल्या. खांब रोवले, तारा ओढल्या, आणि पुरीं तीन वर्षेंही लोटलीं नाहींत तोंच ३१ डिसेंबर १९३० रोजीं हें स्टेशन कायमचें बंद झालें. उतारूंचा तुटवडा हें त्याचें कारण नव्हे. बॅकबेचा समुद्र हटवून जमीन करण्याची सरकारी योजना चालू होती आणि रूळ नेमके त्या किनाऱ्यालगतच होते. शहर आणि नवी जमीन यांच्यामध्यें रेल्वेची आडकाठी सरकारास नको होती. याच योजनेच्या कारभारावर खुरशेद नरिमन यांनीं झोड उठविली होती. तिच्या आठ तुकड्यांपैकीं चारच त्या वेळीं भरून झाले. योजना अर्धी राहिली. रेल्वेचा मार्ग मात्र तुटला तो तुटलाच.

लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठीं १८ डिसेंबर १९३० रोजीं मुंबई सेंट्रल उघडलें होतें. उपनगरी गाड्या चर्चगेटलाच थांबूं लागल्या. कुलाब्याच्या कारकुनास व हमालास तेथून पुढें ट्राम, बस, नाहीं तर पायपीट!

स्टेशनाच्या जागीं आतां बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. तिच्या जवळच ऑक्टोबर २०२५ मध्यें मेट्रोचें कफ परेड स्टेशन सुरू झालें. जवळजवळ ९५ वर्षांनीं रूळ या भागांत परतले, ते भुयारांतून.