नोकरी सांभाळून एमबीए : अभ्यासक्रम आणि वेळापत्रक



इंजिनिअरिंग करून इथे आयटीत आलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात तिशी ओलांडली की एमबीएचा विचार येतो. मग रँकिंगची चर्चा सुरू होते. आम्हाला वाटते, कॉलेजच्या क्रमांकाआधी त्याचे वेळापत्रक बघावे. फीसाठी कर्ज मिळते, वेळ मात्र दर आठवड्याला घरातूनच काढावा लागतो. म्हणून अमेरिकेतल्या एमबीएची आखणी इथे थोडक्यात देत आहोत.

अभ्यासक्रमाचा सांगाडा

बहुतेक ठिकाणी दोन भाग असतात. पहिला 'कोअर', म्हणजे सर्वांना सक्तीचे विषय : अकाउंटिंग, फायनान्स, मार्केटिंग, ऑपरेशन्स, स्टॅटिस्टिक्स, अर्थशास्त्र, स्ट्रॅटेजी वगैरे. दुसरा 'इलेक्टिव्ह', म्हणजे आपल्या आवडीचे. दोन्हींचे प्रमाण कॉलेजगणिक बदलते. हार्वर्डमध्ये पहिले वर्ष सर्वांना सारखेच असते आणि सुमारे ९० जणांची तुकडी ते एकत्र शिकते. शिकागोच्या बूथमध्ये याच्या अगदी उलट. तिथे 'लीड' हा एकच कोर्स सर्वांना सक्तीचा असतो, बाकीचे दिलेल्या विषयगटांतून निवडायचे. ज्यांचे गणित पक्के आहे त्यांना तिथे प्राथमिक स्टॅटिस्टिक्सऐवजी वरच्या पातळीचा कोर्स घेता येतो.

सेमिस्टर की क्वार्टर?

सेमिस्टर साधारण १५ आठवड्यांचे, तर क्वार्टर १०-११ आठवड्यांचे असते. बूथ, केलॉग, स्टॅनफर्ड इथे क्वार्टर पद्धत आहे. त्यात पाचव्या आठवड्यातच मिडटर्म येऊन ठेपते. सेमिस्टर बहुधा ऑगस्टअखेर सुरू होते, म्हणजे गणपती त्यात सापडतात. दिवाळी तर दोन्ही पद्धतींत ऐन धामधुमीत येते. मंडळाच्या नाटकात काम घेण्याआधी हे लक्षात असू द्या!

इथे 'पीएल' नसते

आपण तिकडे सबमिशन उरकून पीएलमध्ये अभ्यास केला आणि पासही झालो. इथे ते चालत नाही. दर आठवड्याला वाचन, केस, गटाचे काम असते आणि वर्गात बोलण्यालाही गुण असतात. हार्वर्डच्या केस पद्धतीत तर काही विषयांत निम्म्यापर्यंत गुण वर्गातल्या सहभागाला असतात. गप्प बसून नोट्स काढणाऱ्याचे त्यात नुकसानच होते.

प्रकार

• फुल-टाइम : दोन वर्षे, मध्ये उन्हाळी इंटर्नशिप. मुलाखतींची धावपळ पहिल्या वर्षीच सुरू होते. क्षेत्र बदलायचे असेल तर हा मार्ग सोयीचा, पण दोन वर्षांचा पगार बुडतो.

• पार्ट-टाइम : संध्याकाळी किंवा शनिवारी वर्ग. साधारण अडीच-तीन वर्षे किंवा जास्त. नोकरी टिकते, पण पूर्ण उन्हाळ्याची इंटर्नशिप बहुधा जमत नाही. बूथच्या वीकेंड एमबीएला तर शनिवारच्या वर्गासाठी दुसऱ्या राज्यांतून विमानाने येणारेही आहेत.

• एक्झिक्युटिव्ह : अनुभवी मॅनेजरांसाठी. बहुधा एकाआड एक वीकेंड किंवा महिन्यातून काही दिवस सलग.

• ऑनलाइन : उदाहरणार्थ, इलिनॉय विद्यापीठाचे 'आयएमबीए' २०१६ पासून सुरू आहे. प्रवास वाचतो, पण थेट वर्गांच्या वेळा पाळाव्या लागतात.

तास मोजा

इथल्या सरकारी व्याख्येनुसार एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्ग आणि किमान दोन तास घरचा अभ्यास धरतात. म्हणजे सेमिस्टरमध्ये तीन क्रेडिटचा एक कोर्स नऊ तासांचा आणि दोन कोर्स अठरा तासांचे. जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. चाळीस तासांच्या नोकरीवर ही भर पडते. हे अठरा तास झोपेतून काढणार, की मुलांच्या शनिवारच्या मराठी शाळेतून, याचे उत्तर अर्ज भरण्याआधी नवरा-बायकोने मिळून ठरवावे. संध्याकाळचा स्वयंपाक आणि मुलांचा गृहपाठ तीन वर्षे एकट्यावर पडणार असेल, तर त्या जोडीदाराची संमती ही प्रवेशाची पहिली अट समजा.

व्हिसा आणि पैसा

एच-१बी वर असताना नोकरी चालू ठेवून पार्ट-टाइम शिकता येते. एच-४ वरही शिकायला परवानगी आहे, मात्र वर्क परमिट नसेल तर पगारी इंटर्नशिप करता येत नाही. फुल-टाइमसाठी नोकरी सोडल्यास बहुतेकांना एफ-१ घ्यावा लागतो. ग्रीन कार्डचा अर्ज चालू असेल तर हे पाऊल उचलण्याआधी वकिलाला जरूर विचारा. कंपनी फी देत असेल तर वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या शैक्षणिक मदतीवर सहसा फेडरल कर लागत नाही. पण त्यानंतर किती वर्षे नोकरी सोडता येणार नाही, ही अट नीट वाचा.

परीक्षा

जीमॅटचे रूप बदलले आहे. आताची परीक्षा सव्वादोन तासांची असते. क्वांट, व्हर्बल आणि डेटा इनसाइट्स असे ४५-४५ मिनिटांचे तीन भाग असतात. निबंध गेला. गुण २०५ ते ८०५ मध्ये मिळतात, त्यामुळे जुन्या मित्रांच्या ८०० पैकीच्या गुणांशी तुलना करू नका.

शेवटी एक सोपी सूचना. निवडलेल्या कॉलेजचे पुढच्या वर्षीचे कॅलेंडर छापा आणि घरातल्या कालनिर्णयशेजारी लावा. मुलांच्या सुट्ट्या, भारतवारी, आई-बाबांचे येणे, सगळे त्यावर मांडा. दोन्ही कॅलेंडरे जुळली, तर अर्ज जरूर करा. शुभेच्छा!