परदेशचा ठसा, घरचा गळा

बुधवार पेठेंतील तपकीर गल्लीचें नांव तपकिरीचें, व्यापार मात्र विजेच्या सामानाचा. जुना ग्रामोफोन बाळगणाऱ्याचीं पावलें अशा गल्लीकडे वळावयाचींच. परंतु त्याच्या तबकडीचा प्रवास याहून पुष्कळ लांबचा आहे.

नोव्हेंबर १९०२ मध्यें ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग यांनीं कलकत्त्यास येथील गायकांचें ध्वनिमुद्रण केलें. मेणावरील मुद्रा जर्मनींत हॅनोव्हरला जात आणि तेथें छापलेल्या तबकड्या बोटीनें इकडे येत. लाख बहुतांशीं आपल्याच रानांतली, गळाहि आपलाच. ठसा तेवढा परदेशचा! गायन संपतांच गौहरजान इंग्रजींत आपलें नांव सांगते, तें त्या दूरच्या कारागिरांस ओळख पटावी म्हणून. १९०८ सालीं कलकत्त्यास सियालदह येथें कारखाना निघाल्यावर ही यातायात सरली.

ओडिऑन व बेका बर्लिनच्या, पाथे फ्रान्सची. पाथेच्या आरंभींच्या तबकड्या मध्यापासून कडेकडे वाजत; त्यांवर साधी पोलादी सुई टेकविली कीं नाश ठरलेला. म्हणून जाणता संग्राहक आधीं छाप पाहतो, गायकाचें नांव मागाहून.

आणि तरीहि पुण्याची एक उणीव भरून येत नाहीं. १९११ सालीं येथें भारत गायन समाज स्थापणारे भास्करबुवा बखले १९२२ सालीं निवर्तले. तोंवर तबकड्यांचा व्यापार वीस वर्षांचा झाला होता. पण बुवांची एकहि तबकडी उपलब्ध नाहीं. बालगंधर्व, मास्तर कृष्णराव या शिष्यांच्या तबकड्या एकामागून एक लावाव्या आणि गुरूची गायकी तर्कानें अजमावावी, इतकेंच हातीं उरतें.