सोळा इंचांचा तह

घडीची सायकल पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास एक प्रश्न विचारतो : ‘एवढ्याशा चाकांवर ही चालते तरी कशी?’ प्रश्न रास्त आहे. पण या सायकलींचा इतिहास वाचला की लक्षात येतं, की त्या बनवणाऱ्यांना आधी दुसराच प्रश्न सोडवायचा होता : ही ठेवायची कशात? विमानात, गाडीच्या डिकीत की आगगाडीच्या गच्च भरलेल्या डब्यात? प्रत्येक वेळी उत्तर बदललं आणि उत्तराबरोबर चाकाचं मापही बदललं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बीएसए कंपनीनं हवाई सैनिकांसाठी घडीची सायकल बनवली. तिची चाकं नेहमीच्या मोठ्या सायकलीइतकीच, म्हणजे २६ इंचांची होती. चौकट तेवढी मधोमध दुमडायची. सायकल पॅराशूटबरोबर एकदाच खाली उतरणार होती. त्यानंतर सैनिकाला ती शेतातून आणि उखडलेल्या रस्त्यांवरून हाकायची होती. घडी थोडी मोठी झाली तरी चालेल, पण चाक खड्ड्यात अडकून चालणार नव्हतं.

लहान चाकाला खरी प्रतिष्ठा मिळाली ती नंतर, आणि तीही न दुमडणाऱ्या सायकलीमुळे. १९५६ साली सुएझ कालव्याचा पेच उभा राहिला आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन या गावात अ‍ॅलेक्स मोल्टन नावाचा इंजिनिअर होता. रबर हा त्याच्या घराण्याचाच धंदा. ‘मिनी’ या छोट्या मोटारीची रबरी सस्पेन्शन त्यानंच तयार केली होती आणि त्या मोटारीची चाकंही जेमतेम १० इंचांची होती. मोटारीचं चाक लहान होऊ शकतं, तर सायकलीचं का नाही, असा विचार त्यानं केला.

लहान चाकाचे फायदे असतात. ते हलकं असतं, चटकन वेग घेतं आणि स्पोक आखूड असल्यामुळे मजबूतही असतं. तोटा एकच, पण मोठा. मोठं चाक ज्या खड्ड्यावरून सहज निघून जातं, त्यात लहान चाक खोल उतरतं. शिवाय लहान टायर हलक्या पायानं पळवायचा तर त्यात हवा कडक भरावी लागते आणि कडक टायर रस्त्याचा प्रत्येक धक्का थेट मनगटापर्यंत आणतो. मोल्टननं टायर कडकच ठेवला आणि धक्के झेलायचं काम पुढे-मागे बसवलेल्या सस्पेन्शनकडे सोपवलं. १९६२ साली त्याची सायकल बाजारात आली. त्याच वर्षी डिसेंबरात जॉन वुडबर्ननं तिच्यावर बसून कार्डिफ ते लंडन हा विक्रम मोडला. लहान चाक म्हणजे मंद चाक, हा समज तिथेच संपायला हवा होता.

तो संपला नाही, कारण मग नक्कल आली. रॅले या बलाढ्य कंपनीनं मोल्टनची कल्पना आधी नाकारली होती. १९६५ साली तिनं स्वतःची १६ इंची सायकल आणली. तिला सस्पेन्शन नव्हती. तिच्याऐवजी जाड आणि मऊ टायर होते. धक्के कमी झाले, पण पेडल मारताना चिखलातून चालल्यासारखं वाटायचं. दोन वर्षांनी रॅलेनं मोल्टनचा सायकलीचा धंदाच विकत घेतला. पण लोकांच्या मनात बसायचं ते बसलंच : लहान चाक दिसायला गोड, चालवायला जड.

याच काळात ब्रिटिश रेल्वेचा नकाशा आक्रसत होता. १९६३ सालच्या बीचिंग अहवालात दोन हजारांहून जास्त स्टेशनं बंद करण्याची शिफारस होती आणि त्यातली बरीचशी पुढे खरोखरच बंद झाली. अनेकांसाठी घर ते स्टेशन हे अंतर वाढलं. ज्याच्याकडे मोटार होती तो मोटारीनं निघाला. बाजारात मिळणाऱ्या घडीच्या सायकलीही बहुतेक त्याच्यासाठीच होत्या : रविवारी डिकीत टाकायच्या आणि सहलीच्या ठिकाणी बाहेर काढायच्या. त्यांची २० इंची चाकं चालवायला बरी होती, पण वजन भरपूर होतं. डिकीत एकदाच उचलून ठेवायची असल्यामुळे ते खपून जायचं.

आगगाडीनं कामावर जाणाऱ्याचं तसं नसतं. तो सायकल उचलून जिना चढतो, फलाटावर उभा राहतो, दारातून आत घुसतो आणि मग दुसऱ्यांच्या गुडघ्यांमध्ये तिला जागा शोधतो. डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथे पाठीवरची सॅकसुद्धा पोटाशी घ्यावी लागते. अशा ठिकाणी नुसतं घडीचं माप पुरत नाही. बाहेर आलेलं पेडल शेजाऱ्याच्या नडगीला लागतं. चेनचं काळं वंगण कुणाच्या तरी इस्त्रीच्या पँटला पुसलं जातं.

१९७०च्या दशकात हॅरी बिकर्टन या इंजिनिअरनं अ‍ॅल्युमिनियमची हलकी सायकल काढली. पुढचं चाक १४ इंचांचं, मागचं १६चं. उचलायला सोपी, पण जोर लावला की वाकल्यासारखी व्हायची. ती पाहून लंडनमधल्या अँड्र्यू रिची या तरुणाला वाटलं, याहून चांगली आपण करू शकू. तो केंब्रिजमध्ये इंजिनिअरिंग शिकलेला, पण त्या वेळी पोटासाठी बागकामाचा व्यवसाय करत होता. मित्रांनी पैसे घातले आणि १९७०च्या दशकाच्या मध्यावर त्यानं राहत्या घरातच पहिला नमुना बनवला. खिडकीतून ब्रॉम्प्टन ऑरेटरी हे चर्च दिसायचं, म्हणून सायकलीचं नाव ब्रॉम्प्टन.

त्या पहिल्या नमुन्याची चाकं १८ इंचांची होती. पुढे रिची १६वर आला. या दोन इंचांमागे साधी भूमिती आहे. ब्रॉम्प्टनचं मागचं चाक पोटाखाली वळतं, पुढचं त्याच्या शेजारी येऊन बसतं आणि चेन दोघांच्या मध्ये झाकली जाते. म्हणजे कपडेही वाचले. पण अशा घडीत एक नियम कुणालाच मोडता येत नाही : गाठोडं चाकापेक्षा लहान होऊ शकत नाही. टायरसकट साधारण ४२ सेंटीमीटरच्या चाकाभोवती रिचीनं अख्खी सायकल ५८.५ × ५६.५ × २७ सेंटीमीटरमध्ये बसवली. मागचा भाग ज्या बिजागरीवर वळतो, तिच्याच जोरावर एक रबरी ठोकळा बसवून मागची सस्पेन्शनही साधली. पुढच्या चाकाला मात्र काही नाही. खड्डा आला की हातांना कळतो.

किंमत इतकीच नव्हती. मोठ्या सायकलीचं चाक एका फेऱ्यात साधारण २.१ मीटर जातं, ब्रॉम्प्टनचं १.३ मीटरच्या आसपास. वेग राखायचा तर पेडलजवळची दातेरी चकती मोठी घ्यावी लागते. पाच किलोमीटरला मोठं चाक २,४०० फेरे घेतं, तर लहान चाक जवळपास ३,८००. फेरे जास्त, त्यामुळे टायरची झीजही जास्त.

रिचीला मोठ्या कंपन्यांनी परत पाठवलं. रॅलेही त्यांत होती. त्यानं ओळखीच्यांकडून आगाऊ पैसे घेऊन १९८१च्या सुमारास थोड्या सायकली स्वतः बनवून विकल्या. पूर्ण उत्पादन सुरू व्हायला १९८८ साल उजाडलं. जागा होती ब्रेंटफर्डमध्ये, रेल्वेपुलाच्या एका कमानीखाली. पहिल्या नमुन्यापासून मोजलं तर दहा-बारा वर्षं गेली होती.

इतरांनी वेगळे तह केले. लेसरवर काम करणारे अमेरिकेतले शास्त्रज्ञ डेव्हिड हॉन यांनी १९८२ साली डाहोन कंपनी काढली. तिची सुरुवात १६ इंचांनी झाली, पण पुढे २० इंची डाहोनच जास्त दिसू लागली : रस्त्यावर निवांत, डब्यात थोडी अवजड. १९९५च्या सुमारास जर्मनीतून ‘बर्डी’ आली, १८ इंची, दोन्ही चाकांना सस्पेन्शन. क्लाइव्ह सिंक्लेअरनं तर २००६ साली ६ इंचांच्या चाकांची ‘ए-बाइक’ आणली. वजन सहा किलोच्या आत, घडी पिशवीत मावणारी. पण रस्त्यातली बारीकशी फटही तिला जड जायची. नंतरच्या आवृत्तीत तिची चाकं ८ इंचांची झाली.

२०२४ साली ब्रॉम्प्टननंच २० इंचांची सायकल काढली, कच्च्या आणि खराब रस्त्यांसाठी. १८वरून १६वर उतरलेली कंपनी २०वर चढली! पण जुनी १६ इंची बंद झाली नाही. लंडनच्या अनेक लोकल गाड्यांत गर्दीच्या वेळी न दुमडलेल्या सायकलीला मज्जाव असतो, दुमडलेलीला नसतो. स्टेशनपासून तीन-चार किलोमीटरवर राहणाऱ्या, मोटार नसलेल्या माणसाच्या दृष्टीनं सगळा फरक तिथेच पडतो. म्हणून तो रोज सकाळी खड्ड्यांचे धक्के मनगटावर घेतो, फलाटावर पोचून वीस सेकंदांत सायकलीचं गाठोडं करतो आणि डब्यात ते स्वतःच्या पायांपाशी ठेवतो. शेजारचा माणूस वर्तमानपत्रातून मान वर करत नाही. रिचीनं दोन इंच सोडले होते ते एवढ्यासाठीच.