दिनविशेष : १० ऑगस्ट १९८६

माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांची पुण्यातील कॅम्प भागात हत्या झाली. रविवारची सकाळ होती. बाजारहाट करून वैद्य पत्नीसह स्वतः मारुती गाडी चालवत घरी निघाले होते. मोटारसायकलवरून आलेल्या मारेकऱ्यांनी गाडीशेजारी येऊन गोळ्या झाडल्या. वैद्य जागीच गेले, पत्नी भानुमती जखमी झाल्या.

अलिबागचे वैद्य १९६५च्या युद्धात खेमकरणच्या रणात डेक्कन हॉर्सचे नेतृत्व करत होते. १९७१ मध्ये बसंतरला त्यांनी चिलखती ब्रिगेड लढवली. दोन्ही वेळा महावीरचक्र! पण मारेकऱ्यांच्या लेखी ते फक्त ‘ऑपरेशन ब्ल्यू स्टार’च्या, म्हणजे सुवर्णमंदिरातील लष्करी कारवाईच्या वेळचे लष्करप्रमुख होते. खलिस्तान कमांडो फोर्स या फुटीरतावादी संघटनेने हत्येची जबाबदारी घेतली. महाराष्ट्राने शूर सुपुत्र गमावल्याचा शोक केला. धमक्या येत असलेला निवृत्त सेनानी एवढा उघड्यावर कसा राहिला, हा तेव्हा विचारला गेलेला प्रश्न रास्तच होता.

या हत्येबद्दल सुखदेवसिंग सुक्खा आणि हरजिंदरसिंग जिंदा यांना ९ ऑक्टोबर १९९२ रोजी येरवड्यात फाशी झाली. सुवर्णमंदिरातील कारवाईची जखम भळभळत असलेल्या पंजाबात अनेकांनी त्यांना हुतात्मे मानले. ती वेदना खरी होती, तरीही निःशस्त्र निवृत्त माणसावर पाळत ठेवून केलेला खून हा खूनच. पुढे २००८ मध्ये शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीनेही दोघांचा हुतात्मे म्हणून गौरव केला.