तिकिटाचा कागद आणि तिकिटाची किंमत

नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात १९२६ पासून टपाल तिकिटे छापली जाऊ लागली. तिकिटाच्या कागदाला आणि शाईला फारशी किंमत नसते. आपण पैसे मोजतो ते पत्र पोचते होण्याच्या हक्काचे. संगणकाच्या आज्ञावलीचा परवाना समजावताना आम्ही हेच उदाहरण घेतो. आज्ञावलीची नक्कल जवळजवळ फुकट होते, विकत मिळते ती वापरण्याची परवानगी.

पूर्वी ही परवानगी वेगळी विकत नसत. आयबीएमचे यंत्र भाड्याने घेतले की आज्ञावल्या, दुरुस्ती, प्रशिक्षण सगळे त्याच भाड्यात येई. २३ जून १९६९ रोजी कंपनीने यातल्या बऱ्याच गोष्टींचे दर वेगळे केले. मूळ कार्यप्रणाली मात्र यंत्राबरोबरच राहिली. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकी सरकारने कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला होता. हा निव्वळ योगायोग मानायला आमचे मन घेत नाही.

आता शाळेतली २० संगणकांची खोली डोळ्यांसमोर आणा. प्रत्येकात कार्यप्रणाली बसवायची आहे. सीडी घेऊन एकेकासमोर बसायचे, तेच प्रश्न, तीच उत्तरे. यावरचा उपाय जुना आहे. १९८५ मध्ये बूटपी हा संकेत ठरला. यंत्र सुरू होताच जाळ्यावर हाक देते : माझा पत्ता काय, आणि सुरुवात कुठून करू? सर्व्हर पत्ता देतो आणि पहिल्या छोट्या फाईलचे ठिकाण सांगतो. पुढे इंटेलच्या पीएक्सई पद्धतीमुळे (तिची २.१ आवृत्ती १९९९ ची) ही सोय जाळ्याच्या कार्डातच आली. किकस्टार्ट नावाच्या फाईलमध्ये सगळी उत्तरे आधीच लिहिलेली असतात. चकतीचे भाग किती, भाषा कोणती, कोणत्या आज्ञावल्या हव्यात. कुणी समोर बसायला नको.

लिनक्स, किकस्टार्ट दोन्ही मोफत. मग विकायचे काय? २००० नंतरच्या दशकात रेड हॅट कंपनीने अनेक सर्व्हर एका जागेवरून सांभाळणारी सेवा आणली. मूळ सेवेत आज्ञावल्यांच्या सुधारित आवृत्त्या मिळत. गट करून सांभाळण्याचा जोडभाग वेगळा, नवी यंत्रे जाळ्यावरून उभी करण्याचा त्याहून वेगळा, आणि हक्क यंत्रागणिक मोजायचा. मुद्रणालयातल्यासारखीच वेगवेगळ्या किमतींची तिकिटे! २००८ मध्ये कंपनीने याचा गाभा ‘स्पेसवॉक’ नावाने खुला केला. ते काम २०२० मध्ये थांबले. त्यातूनच निघालेला ‘युयुनी’ हा प्रकल्प पुढे चालू राहिला.

शाळेच्या २० यंत्रांना या जोडभागांची गरज नाही, असे आमचे मत आहे. एक जुना संगणक सर्व्हर म्हणून पुरतो. अडचण येते ती तो मांडणाऱ्या शिक्षकांची बदली झाल्यावर. म्हणून त्या सर्व्हरशेजारी एक वही ठेवावी. कोणती फाईल कुठे आहे आणि कोणत्या यंत्राला कोणता पत्ता दिला, हे तीत तारखेनिशी लिहावे.