मोबाईल रेडिएशनमुळे उंदरांना कॅन्सर झाला? प्रयोगात नेमकं काय दिसलं

'मोबाईलमुळे उंदरांना कॅन्सर' हा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर कधीतरी आला असेल. बातमी खोटी नाही, पण अर्धी आहे. तिच्यामागचा मोठा प्रयोग अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रामचा, थोडक्यात एनटीपीचा. त्याचे अंतिम अहवाल २०१८ मध्ये आले.

आधी थोडं बेसिक. मोबाईलच्या रेडिओलहरी एक्स-रेसारख्या नसतात. डीएनएमधले रासायनिक बंध तोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. त्यांचा पक्का सिद्ध झालेला परिणाम म्हणजे उष्णता. ही उष्णता रक्त वाहून नेतं. डोळ्याच्या भिंगात रक्तवाहिन्याच नसतात, म्हणून अतितीव्र लहरींच्या प्रयोगांत सशांना मोतीबिंदू झाला होता.

शरीराच्या एका किलोमागे किती वॅट ऊर्जा शोषली गेली, हे 'एसएआर' सांगतो. पूर्ण शरीराचा एसएआर ४ च्या आसपास गेला की प्राण्यांचं तापमान साधारण १ अंशाने वाढतं आणि शिकवलेलं कामही ते नीट करत नाहीत. याच ४ ला ५० ने भागून सामान्य माणसासाठी पूर्ण शरीराची मर्यादा ठरली: ०.०८.

आता एनटीपीचे रॅट. त्यांना आईच्या पोटात असल्यापासून दोन वर्षांपर्यंत, रोज सुमारे ९ तास, १० मिनिटं चालू आणि १० मिनिटं बंद अशा पद्धतीने २जी-३जीच्या लहरी दिल्या. संपूर्ण शरीरावर एसएआर १.५, ३ आणि ६. म्हणजे सगळ्यात वरचा डोस त्या ०.०८ च्या ७५ पट!

या वरच्या डोसला ९० नर रॅटपैकी जीएसएम गटात ५ आणि सीडीएमए गटात ६ जणांच्या हृदयात श्वानोमा नावाची गाठ सापडली. लहरी न दिलेल्या नरांमध्ये एकही नाही. एनटीपीने याला 'स्पष्ट पुरावा' म्हटलं, त्यामुळे हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पण मादी रॅटमध्ये आणि माउसमध्ये असं ठाम काही दिसलं नाही. आणि गंमत म्हणजे लहरी दिलेले नर रॅट न दिलेल्यांपेक्षा जास्त जगले! फॉरवर्डमध्ये हे वाक्य कधीच नसतं.

तुमच्या फोनचं काय? भारतात फोनची मर्यादा १.६ आहे. हा आकडा प्रयोगातल्या १.५ च्या जवळचा वाटतो, पण तो फोनजवळच्या फक्त १ ग्रॅम ऊतीपुरता मोजतात, पूर्ण शरीराचा नाही. दोन्ही आकडे शेजारी ठेवून घाबरवणारे व्हिडिओ इथेच गंडतात. शिवाय प्रयोगात ४जी, ५जी किंवा वायफाय तपासलंच नव्हतं.

बऱ्याच फोनमध्ये स्टार हॅश ०७ हॅश डायल केलं की एसएआर दिसतो. तो कमाल पॉवरवर मोजलेला असतो. रेंज चांगली असेल तर फोन त्याहून खूप कमी पॉवर वापरतो. लिफ्टमध्ये किंवा एकच काडी असताना मात्र जोर लावतो. लांबलचक कॉल अशा वेळी इयरफोनवर घ्या, नाहीतर रेंजमध्ये आल्यावर करा.